रिकामी गोफण

हरणाबाई हत्यारं विकते असं तुम्ही ठरवलंत. विचारलं नाहीत, पाहिलं नाहीत, नुसतं ठरवलंत. पाखरं राखायची लोकरीची गोफण तुम्ही सुऱ्या-बंदुकांच्या रांगेत बसवलीत आणि साठी ओलांडलेल्या बाईच्या दुकानाला कुलूप घातलंत. दुकान कुठल्या रस्त्यावर नव्हतं, मोबाईलमध्ये होतं. त्यामुळं कुलूप घालायला तुम्हाला जागचं उठावंही लागलं नाही. त्या कुलपानं इकडं काय झालं ते आता ऐकून घ्या. विचारलं नसलंत तरी ऐकून घ्या.

निरोप आला तेव्हा राणी लिंबाखालच्या धोंड्यावर उभी होती. म्हसवडच्या पुढं माणगंगेच्या अंगाला त्यांची वस्ती. चार घरं, मेंढरांचे वाडगे, बाभळी. मोबाईलला रेंज धरते ती फक्त त्या धोंड्यावर. राणीला पाचवा महिना. चढताना एक हात कमरेवर ठेवून चढली होती. नवरात्र नुकतं उठलं होतं आणि ऊन परत तापायला लागलं होतं.

हरणाबाई, तिची सासू, दारात पाय पसरून बसली होती. उजव्या पायाच्या अंगठ्यात लोकरीच्या पेडांचं टोक अडकवलेलं, पेड ताणलेले, आणि बोटं वेणी घालत मागं मागं सरकत होती. काळी लोकर, पांढरी लोकर, परत काळी. तिला हाताकडं बघावं लागत नव्हतं. ती सुनेकडं बघत होती.

"काय म्हणतंय गं?"

 राणी बारावी झालेली पोर, इंग्रजी अडखळत वाचायची, आणि जे अडेल ते मोबाईललाच मराठीत करायला सांगायची. मोबाईलनं केलेलं मराठी तिनं दोनदा वाचलं. मग उतरून आली.

"आत्या, दुकान बंद केलं त्यांनी."

"कुणी?"

"कंपनीनं. हत्यारं विकता म्हणत्यात."

हरणाबाईची बोटं थांबली नाहीत. "हत्यारं कशाची? खुरपं बी न्हाई इकलं आपण."

हे दुकान कसं उभं राहिलं ते सांगायला हवं. तीन सालांमागं राणीनं सासूचा एक व्हिडिओ काढला होता. जोंधळा पोटरीतून बाहेर पडून दाण्यात आलेला, हरणाबाई माळ्यावर उभी, डोक्याभोवती गोफण एकदा फिरवून सोडते, फाट्‌दिशी आवाज होतो आणि पोपटांचा थवा उठतो. एवढंच. राणीनं तो गंमत म्हणून टाकला. महिन्याभरानं कॅनडातल्या पॉल नावाच्या म्हाताऱ्यानं विचारलं, ही गोफण कुणी वळली, विकत मिळेल का. तिकडं गोफण मारणाऱ्यांची मंडळं आहेत. सुट्टीच्या दिवशी माळावर जमतात, लांब डबा ठेवतात आणि नेम धरतात.

हरणाबाईचा नवरा ज्योतिबा मेंढरं घेऊन आला तेव्हा त्याला हे सांगितलं, तर तो काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिला.

"त्यांच्यात पाखरं न्हाईत व्हय?"

"हायत की मामा. पण पाखरास्नी मारत न्हाईत. डब्याला मारत्यात."

"डब्यानं काय खाल्लं त्यांचं?"

पण गोफणी जायला लागल्या. राणीनं कंपनीच्या ॲपवर दुकान मांडलं, फोटो काढले, पत्ते इंग्रजीत लिहायला शिकली. हरणाबाई वळायची, शेजारची चंद्राबाई चातीवर लोकर कातायची. जी लोकर कातरून उकिरड्यावर जात होती, जिला घोंगडीवालेसुद्धा विचारत नव्हते, ती लोकर समुद्रापलीकडं जायला लागली. राणीचा नवरा मल्हार पार्सलं मोटरसायकलवर म्हसवडच्या पोस्टात नेऊ लागला.

आणि ह्या साली श्रावणात पॉलच्या मंडळाची साठ गोफणींची ऑर्डर आली. त्या ऑर्डरीवर घरात एक गोष्ट ठरली. दिवाळीनंतर मेंढरं उसाच्या मुलखाला जातील, इस्लामपूरकडं, दरसालसारखी. पण राणी जाणार नाही. मल्हार आणि एक गडी जातील, गड्याचा पगार गोफणींतून निघेल. ज्योतिबाचा गुडघा गेलेला, तो घरी. हरणाबाई घरी, तिच्या हाताला काम. राणी घरी.

राणी घरी का, हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मागल्या साली ती चौथ्या महिन्यात मेंढरांमागं चालली होती. वाळव्यात एका तुटल्या उसाच्या बांधावर तिच्या पोटातलं गेलं. दुसऱ्या दिवशी मेंढरांचा तळ हलला. तीही हलली.

---

संध्याकाळी मल्हार आला. राणीनं त्याला निरोप वाचून दाखवला. खाली बारीक अक्षरात कारण होतं: फेकीचं हत्यार, सोबत मारा करायचं सामान.

"सोबत सामान? कसलं?"

"पॉलनं बी लिवलंय," राणी म्हणाली. "त्यांच्या बंदरावर खोकं उघडलं. परत्येक गोफणीत एकेक दगड निघाला. तुमी लढाईला निघालाय का म्हणून त्याला इचारलं."

 मल्हारनं आईकडं बघितलं.

हरणाबाईनं वेणीची गाठ मारली. "निघणारच की. मीच घातल्यात. रिकामी गोफण कुणाच्या हातात देऊ नये."

ती रीत त्या घरातली जुनी होती. गोफण कुणालाही द्या, लेकीला, पाव्हण्याला, बाजारात गिऱ्हाइकाला. झोळक्यात, दगड बसतो त्या मधल्या पट्टीत, नदीतला एक गोल गुंडा ठेवून द्यायची. रिकामी दिली तर घेणाऱ्याचं रान पाखरं खातात. हरणाबाईच्या आजीनं तिला असं सांगितलेलं. तिनं एकही गोफण रिकामी दिली नव्हती.

"मग आत्तापतुर कसं गेलं?" मल्हार म्हणाला. "दोन सालं पार्सलं जात्यात. कवा कोण काय बोललं न्हाई."

राणी चुलीकडं बघत होती.

"मी काढत हुते," ती म्हणाली. "पोस्टात. वजन लागतं दगडाचं. आत्यांनी घातलं की मी थितं काढायची, भिताडामागं टाकायची."

"सगळी?"

"सगळी."

साठ गोफणींचं खोकं बांधायच्या दिवसांत राणी औंधला माहेरी गेली होती, थोरल्या भावजयीबरोबर डॉक्टरीणबाईंना दाखवायला. खोकं हरणाबाईनं भरलं, मल्हारनं नेलं. पोस्टातला माणूस म्हणालाही होता, लोकर लय जड हाय रं तुझी, मेंढरं सिमेट खात्यात का. मल्हार हसला होता आणि जादा पैसे भरून आला होता.

हरणाबाई उठली. गुडघ्यावर हात देऊन सावकाश उठली. दुकानाचं तिच्या मनात नव्हतंच त्या वेळी.

"म्हंजी दोन सालं तू लोकास्नी रिकाम्या गोफणी दिल्यास. माझ्या हातच्या."

"आत्या, तिकडं जोंधळा न्हाई वो. डब्बा मारत्यात ती."

"डब्बा मारूंदे न्हाईतर काय बी मारूंदे. मला सांगायचं हुतं. इथंच सांगायचं हुतं, आत्या दगूड चालत न्हाई. मी वरडले असते, आन् मग ऐकलं असतं. तू माघारी काढलास."

"सांगितलं असतं तर तुमी ऐकलं असतं?"

"न्हाई ऐकलं असतं तर भांडलो असतो. भांडाय काय झालं हुतं?"

ज्योतिबा बाजेवरून म्हणाला, "आता भांडून दगूड माघारी येतोय का? जेवा."

कुणी फारसं जेवलं नाही. राणीनं भाकरी थापल्या आणि झाकून ठेवल्या.

---

दुसऱ्या दिवसापासून राणी त्या धोंड्यावर चढायला लागली. ॲपमध्ये एक जागा होती, तिथं तक्रार लिहायची. तिनं लिहिलं: ही शेतकऱ्याची वस्तू आहे, दगड चुकून गेले, सासूबाईंची रीत आहे, परत जाणार नाहीत. उत्तर लगेच आलं. इतक्या लगेच की तिला आनंद झाला. आपला संदेश मिळाला, आपण आम्हाला महत्त्वाचे आहात. दुसऱ्या दिवशी तिनं परत लिहिलं. तेच उत्तर, शब्दाला शब्द. तिसऱ्या दिवशी तिनं नुसतं 'नमस्कार' लिहून बघितलं. आपला संदेश मिळाला, आपण आम्हाला महत्त्वाचे आहात.

"माणूस न्हाईच पलीकडं," ती मल्हारला म्हणाली.

"माणूस असंल. गेला असंल जेवाय."

"तीन दिस जेवतोय?"

मग मल्हार म्हणाला, साताऱ्याला जाऊ. साताऱ्याच्या एका हापिसानं मागल्या साली मेळावा भरवला होता. 'गावातून जगाकडे'. राणीला आणि हरणाबाईला गाडी पाठवून नेलं होतं, शाल दिली, नारळ दिला. साहेब माईकवर म्हणाले होते, आता मध्ये दलाल नाही, व्यापारी नाही, ह्या माउलीचा हात थेट परदेशात पोचला. टाळ्या झाल्या होत्या. हरणाबाईनं राणीला कानात विचारलं होतं, ह्यांनी काय केलं आपलं? राणी म्हणाली होती, फोटो काढलाय आत्या.

एसटीनं दोघं साताऱ्याला गेले. राणीनं वाटेत दोनदा गाडी थांबवायला लावली, ओकारी येत होती. कंडक्टर म्हणाला, ताई, लिंबू ठेवत जावा. हापिसात बाकावर बसवलं. जेवणाची सुट्टी झाली, संपली. समोर भिंतीवर फ्लेक्स होता, मोठा, आणि त्यावर हरणाबाई हसत होती, हातात गोफण. येणारे-जाणारे त्या फ्लेक्सखालून जात होते. राणी त्याच फ्लेक्सखाली बसली होती. तिला कुणी ओळखलं नाही.

साहेब चांगलं बोलले. तेच वाईट होतं.

"हे बघा, आमचं काम तुम्हाला तिथं चढवण्याचं. तुम्ही चढलात. आमच्या आकड्यात तुम्ही यशस्वी आहात. पुढं कंपनीचं धोरण. त्यात आम्हाला बोलता येत नाही."

"मग कुणाला येतं, सायेब?" मल्हारनं विचारलं.

"कंपनीलाच."

"कंपनीचं हापीस कुटं हाय?"

साहेबांनी खुर्ची थोडी मागं घेतली. "तसं हापीस नसतं हो. ऑनलाइन असतं. असं करा, गोफण सोडा. घोंगडी टाका. घोंगडीला कोण हत्यार म्हणणार नाही."

"आत्या गोफण वळत्यात सायेब. घोंगडी सनगर विणत्यात, आमी न्हाई," राणी म्हणाली.

"मग शोभेची वस्तू लिहा. भिंतीवर टांगायची."

"शोभेची लिवली तर घेणारा नेम धरणार न्हाई का?"

साहेब हसले. हसण्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. "हुशार आहात," म्हणाले, आणि फोन उचलला. बाहेर पडताना शिपायानं मल्हारला थांबवलं. "आवं पाव्हणं, पुढल्या महिन्यात मेळावा हाय. आजीस्नी आणता का? गाडी पाठवत्यात."

 स्टँडवर येईपर्यंत मल्हारची मूठ मिटलेली होती, आणि तिच्यात एसटीची तिकिटं चुरगळून गोळा झालेली होती.

---

दिवाळी झाली. गड्याला सांगून ठेवलं होतं, तो दुसऱ्याच्या मेंढरांवर गेला, कारण ह्यांच्याकडून होकार गेला नाही. माण मुलखात पाणी उतरलं, चारा उतरला. मेंढरं थांबत नसतात. साठ गोफणींचे पैसे तुमच्याकडं अडकलेले, नवी ऑर्डर नाही. आता तळ हलवायचा तर मल्हार एकटा पुरत नव्हता. मेंढरांपुढं एक माणूस लागतं, आणि मागून घोड्यावर बिऱ्हाड लादून तळ उतरवायला, वाघर ठोकायला, भाकरी करायला एक बाई लागते. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. तिच्या मेखा ठोकायच्या, रोज काढायच्या, रोज परत ठोकायच्या.

घोड्याचं खोगीर मल्हारनं अंगणात काढून ठेवलं.  राणीनं आपलं लुगडं आणि एक चादर बांधायला घेतली.

हरणाबाईनं ती चादर तिच्या हातातून घेतली.

"ठिव."

"आत्या, मामांचा गुडघा..."

"मी जाती."

"तुमचं वय हाय का आत्या?"

"वय माझं माझ्यापाशी. तू हितं ऱ्हा. आन् त्या धोंड्यावर चढू नगंस रोज. घसरशील."

दगडांवरून दोघींचं बोलणं अजून सरळ झालेलं नव्हतं. त्या दिवशीही झालं नाही. हरणाबाईनं चाती, लोकरीचे पिंडे, अर्धी झालेली गोफण एका पोत्यात घातली आणि पोतं आढ्याला टांगलं. उंदरांनी खाऊ नये म्हणून. कमरेला स्वतःची जुनी गोफण बांधली, मेंढरं वळवायची. आणि घोड्यामागं चालायला लागली. वेशीपर्यंत राणी आली. ज्योतिबा बाजेवर उठून बसला होता. जन्मात पहिल्यांदा मेंढरं त्याच्याशिवाय निघाली होती. तो पाठ करून बसला.

---

तुमचा दुसरा निरोप आला तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. राणीला सातवा सरत आला होता, तरी ती धोंड्यावर चढत होती. रोज नाही. एक दिवसाआड.

निरोपात होतं: आपल्या खात्याची पुन्हा तपासणी होऊ शकते. वस्तू बनवणारी व्यक्ती खरोखर अस्तित्वात आहे याचा पुरावा द्या. व्यक्तीचा चेहरा आणि वस्तू बनवत असलेले हात एकाच व्हिडिओत दिसले पाहिजेत. मुदत एक आठवडा.

व्यक्ती खरोखर अस्तित्वात होती. ती इस्लामपूरच्या पुढं आप्पासो नावाच्या बागायतदाराच्या तुटल्या उसात मेंढरं बसवत होती. मेंढरं रात्री रानात बसवली की लेंड्यांचं खत होतं, त्याचे धान्य आणि थोडे पैसे मिळतात.

राणी एसटीनं निघाली. ज्योतिबा नको म्हणत होता, चंद्राबाई नको म्हणत होती. "बाई, रस्त्यात काय झालं तर तुझी सासू मला न्हाई सोडायची," चंद्राबाई म्हणाली, आणि मग स्वतःच तिच्याबरोबर निघाली. इस्लामपुरात उतरून दोघी वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसल्या.

मागल्या सालचा बांध वाटेतच होता. राणीनं तो ओळखला. चंद्राबाईला सांगितलं नाही.

तळावर पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. आप्पासो बांधावर उभा राहून हरणाबाईला बोलत होता. घोडं उभ्या उसात शिरलं होतं. दोन कांड्या मोडल्या होत्या.

"म्हातारे, घोड्यावर ध्यान ठिवता येत न्हाई तर कशाला येता गं? माझा पोरगा मिल्ट्रीत हाय, सुट्टीला आलाय, त्यानं बघितलं असतं तर घोडं परत दिलं नसतं."

"चुकलं मालक," हरणाबाई म्हणाली.

"आन् हिरीवरनं पाणी भरताना म्हशींचं झाल्यावर भरायचं. किती वेळा सांगायचं."

"व्हय."

तो गेला. हरणाबाईनं राणीला बघितलं, आधी तोंडाकडं, मग पोटाकडं.

"तू कशापायी आलीस?"

राणीनं सांगितलं. चंद्राबाईनं पोत्यातली लोकर आणली होती, अर्धी गोफणही. हरणाबाई पाचटावर बसली, पाय पसरले, अंगठ्यात टोक अडकवलं. टाचांना भेगा होत्या, त्यात माती भरलेली. राणीनं समोर मोबाईल धरला.

बोटं चालली नाहीत. वाघरीच्या दोरानं आणि मेखांनी ती सुजली होती, उसाच्या पात्यानं पेरापेरावर चिरली होती. काळा पेड पांढऱ्यावरून जायचा, तो निसटला. तिनं परत धरला. परत निसटला. वेणी ढिली पडली आणि तिच्यात भोक दिसायला लागलं. अशी वेणी तिनं पोरसवदा असतानासुद्धा घातली नव्हती.

"आत्या, दमानं. परत करू."

"कितींदा करशील?"

"व्हईस्तवर."

चंद्राबाईनं तिच्या बोटांना तेल लावलं. मल्हार मेंढरं घेऊन आला, लांबूनच बघत उभा राहिला. ऊन संपत आलं होतं. राणीनं चौथ्यांदा मोबाईल उचलला. तिनं कोपर पोटावर टेकवलं.

हरणाबाईनं दोन पेड घातले. तिसरा सुटला. तिनं गोफण मांडीवर ठेवली, दोन्ही हात उलटे करून पुढं धरले आणि वर, मोबाईलकडं बघितलं.

"चालू हाय का गं?"

"हाय."

"मग ऐक रं," हरणाबाई म्हणाली. राणीला नाही, तुम्हाला. "मी हरणाबाई. हे माझं त्वांड, हे हात. आज वळत न्हाईत. तू कुलूप घातलंस म्हणून मी हितं मेखा ठोकतीया, आन् मेखा ठोकून बोटं ही अशी झाल्यात. आता तू म्हणतोस वळून दाव. दगूड मी घातलं, चूक माझी. एकडाव सांगायचं हुतं, म्हातारे दगूड घालू नगंस. नसतं घातलं. मी खरी हाय का न्हाई ते तू इचारलंस, मी त्वांड दावलं. आता मी इचारती. तू कोण हाईस? माणूस हाईस का? असशील तर ह्या पोरीनं दोन महिनं लिवलेलं तू वाचलंस का न्हाई? वाचलं असशील तर गप का बसलास? ही पोर ह्या पोटानं एसटीत बसून आलीया. पोटातल्याला सांग काय सांगायचं ते. मला न्हाई, त्याला. मी बसलीया हितं. बोल."